घराचं रिनोव्हेशन वर्षानुवर्षं टिकावं म्हणून प्लॅन कसं करायचं

रिनोव्हेशन करायचं ठरलं की लोक सगळ्यात आधी फोटो जमवायला लागतात, फोनमध्ये स्क्रीनशॉटचा ढीग, हे किचन, ती भिंत, तो दिवा, आणि मग ते सगळं कॉन्ट्रॅक्टरपुढे धरून म्हणतात की आम्हाला असं हवंय. मी हे काम बरीच वर्षं करतेय आणि कळकळीने सांगते, फोटो नंतर बघा. आधी एवढं ठरवा की घरातली कुठली गोष्ट एकदा केली की पुन्हा काढायला तोडफोड लागेल आणि कुठली एका दुपारीत बदलता येईल. जिथे छिन्नी-हातोडा लागतो ते काम साधं ठेवा, माल चांगला घ्या, डोकं आणि पैसा तिथे घाला. हौस, फॅशन, आवडता रंग जे काही असेल ते तिथे करा जिथे ब्रश किंवा स्क्रूड्रायव्हरने काम भागतं.

फ्रँक डफी नावाच्या ब्रिटिश आर्किटेक्टने ऑफिसच्या इमारतींबद्दल हे फार छान मांडलं होतं. इमारत म्हणजे एक वस्तू नव्हे, वेगवेगळ्या आयुष्याचे थर आहेत. सांगाडा साधारण ५० वर्षं, पाणी-वीज-एसीच्या लाइनी १५ वर्षं, पार्टिशन आणि सीलिंग ५ ते ७ वर्षं, फर्निचर तर काय सतत हलत असतं. घरात हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील पण मुद्दा तोच. गोची कुठे होते, तर कमी आयुष्याची वस्तू आपण जास्त आयुष्याच्या वस्तूत चिणून टाकतो तिथे. पाइप भिंतीत आणि वर महागडी टाइल, किंवा सीलिंगमध्ये असा दिवा बसवलेला की तो गेला की सीलिंग कापावं लागतं. त्यामुळे प्लॅनमधल्या प्रत्येक गोष्टीला विचारायचं, हे बिघडलं तर ते काढताना दुसरं काय फोडावं लागेल?

आता सुरुवात. राहतं घर असेल तर ड्रॉइंग काढायच्या आधी काही आठवडे नुसतं घराकडे बघा, आणि लिहून ठेवा. सकाळी ऊन कुठे येतं, दुपारी कुठली खोली तापते, बाहेरून आल्यावर बॅग, चपला, किल्ल्या कुठे टेकवल्या जातात, चार्जर कुठल्या सॉकेटपाशी गर्दी करतात, कपडे कुठे वाळतात, इस्त्री कुठे उभ्याने होते, घरातलं माणूस फोनवर बोलायला कुठल्या कोपऱ्यात जातं. ही यादी कुठल्याही फोटोपेक्षा जास्त कामाची असते कारण दहा वर्षांनी फॅशन बदलेल पण तुम्ही बॅग दारातच टाकणार आहात. तिथे एक बाक आणि खुंट्या हव्या होत्या हे प्लॅनमध्ये आलं तर ते डिझाइन टिकतं, नाही आलं तर कितीही सुंदर पॅसेज असू दे, तिथे पसाराच दिसणार. नवीन घेतलेलं जुनं घर असेल तर निदान वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा, एकदा तरी चांगल्या पावसात जा.

पाऊस म्हटला की ओल. भिंतीला पोपडे आलेत, पांढरी भुकटी सुटतेय, म्हणजे पाणी आतून प्रवास करून येतंय आणि सोबत क्षार आणतंय, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतात. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की पुढच्या ओल्या दिवसांत परत तेच, आणि वर पॅनेलिंग किंवा वॉलपेपर लावला तर आत बुरशी धरते आणि कळतसुद्धा नाही. आधी उगम शोधा, बाहेरची भेग, वरच्या बाथरूमचा जोड, गच्चीचा उतार, खिडकीच्या वरचा सज्जा, काहीही असू शकतं, आणि ओलीचा डाग जिथे दिसतो तिथेच उगम असेल असं अजिबात नाही, पाणी आडवं बरंच लांब जातं. उगम बंद झाला, भिंत पूर्ण सुकली, मगच फिनिशिंग. जुन्या घरात तोडायच्या आधी आणखी एक, खूप जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅसबेस्टॉस, त्यांची धूळ फुप्फुसात जाणं गंभीर आहे, तेव्हा घासणं किंवा फोडणं तपासणी करूनच.

भिंत काढून दोन खोल्या एक करायच्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक वीटही हलवू नका. कॉन्ट्रॅक्टर "काही होत नाही हो" म्हणाला हे उत्तर नाही. कॉलम-बीमच्या घरात आतली भिंत बहुतेक वेळा नुसती भरलेली असते पण विटांच्या जुन्या घरात तीच भिंत वरचा स्लॅब उचलून धरत असते, आणि बाहेरून बघून दोन्ही सारख्याच दिसतात. कॉलम, बीमला पाइपसाठी भोक किंवा वायरिंगसाठी झिरी, दोन्हीला सरळ नाही. वजनाचाही विचार कोणी करत नाही म्हणून सांगते, २ इंच जाडीचा सिमेंट-वाळूचा थर एका चौरस मीटरला साधारण १०० किलो भरतो, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत लेव्हल वर घ्यायची म्हणून तेवढा थर ओतला तर एक टनाहून जास्त वजन स्लॅबवर कायमचं येऊन बसलं. जुन्या लादीवर नवी लादी चिकटवताना हे डोक्यात असू द्या, आणि दरवाजे खाली घासतील, बाथरूमचा उंबरा आणि पॅसेजची लेव्हल उलटी होईल हेही.

पाणी आणि वीज हा भाग सगळ्यात कंटाळवाणा, फोटोत येत नाही, पाहुण्यांना दिसत नाही, आणि म्हणून इथेच काटकसर होते. खरं तर उलटं पाहिजे. घर फोडलेलंच आहे तर जुन्या पाइपला नवा जोड देऊन चालवू नका, पूर्ण लाइन बदला, गळती बहुतेक वेळा जोडावरच होते आणि अर्धी जुनी अर्धी नवी लाइन म्हणजे भिंतीत एक कमकुवत जोड कायमचा ठेवणं. प्रत्येक बाथरूमला, किचनला आणि गीझर, वॉशिंग मशीनला वेगळा बंद करायचा व्हॉल्व्ह द्या, आणि तो हात पोचेल अशा जागी. टाइल लावायच्या आधी लाइन प्रेशर टेस्ट करून घ्या. भिंतीच्या आत बसणारे मिक्सर, डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारे) दिसायला सुटसुटीत असतात हे मान्य, पण त्यांचं आतलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-बंद करणारा भाग, झिजतं, आणि ते समोरून निघत नसेल किंवा त्याचे स्पेअर मिळेनासे झाले तर चांगली टाइल फुटते. मी माझ्या लोकांना शक्यतो बाहेरच्या बॉडीचा नळ घ्यायला सांगते, आणि आतलाच हवा असेल तर ज्याचा भाग समोरून बदलता येतो तोच.

वायरिंगमध्ये एसी, गीझर, ओव्हन अशा जड लोडला प्रत्येकी वेगळं सर्किट, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीडी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, हे माणसाचा जीव वाचवणारं उपकरण आहे, यात तडजोड नको. सॉकेट तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त लागतात. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, जेवणाच्या टेबलाजवळ, राउटरच्या जागी, अगदी कपाटाच्या आतसुद्धा. आणि पाइप टाकतानाच दोन-तीन रिकामे जास्तीचे टाकून त्यात तार ओढून ठेवा, उद्या काय केबल लागेल ते आज कोणाला माहीत नाही, पण रिकामा पाइप असला की भिंत फोडावी लागत नाही.

आणि एक काम जे फुकट आहे आणि तरी लोक विसरतात, प्लास्टर बंद व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. नुसते नाही, टेप उघडून भिंतीला लावून. एक टेप जमिनीपासून उभा, एक कोपऱ्यापासून आडवा, आणि फोटोत आकडे वाचता आले पाहिजेत. म्हणजे नंतर कळतं की गरम पाण्याचा पाइप कोपऱ्यापासून ४२ सेंटिमीटरवर आहे आणि वायरची नळी दाराच्या चौकटीपासून एक वीत सोडून वर जाते. फोटोला खोलीचं आणि भिंतीचं नाव द्या, "बेडरूम, खिडकीची भिंत" असं. पुढे कधी शेल्फ लावायला ड्रिल धरलं की हे फोटो सोन्यासारखे वाटतात.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग टाइलच्या खाली असतं, टाइल आणि टाइलमधल्या फटींचं भरण पाणी थांबवत नाहीत, फक्त कमी करतात. कोटिंग जमिनीवर आणि भिंतीला निदान एक फूट वर, शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वरपर्यंत, आणि कोपरे आणि पाइप बाहेर येतो त्या जागा जास्त काळजीने कारण फुटतं तिथेच. मग ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जायचं जमिनीतलं तोंड, बंद करून पाणी भरून ठेवायचं, २४ तास किमान, ४८ असले तर उत्तम, आणि खालच्या मजल्याचं छत तपासायचं. घाई करणारा कॉन्ट्रॅक्टर ही टेस्ट टाळायला बघतो, टाळू देऊ नका. उतार मीटरला १ ते २ सेंटिमीटर ट्रॅपच्या दिशेने, आणि टाइल लागल्यावर स्वतः एक मग पाणी ओतून बघा कुठे साचतंय का. जमिनीला गुळगुळीत चकचकीत टाइल नको, मॅट आणि पकड असलेली घ्या. पोर्सिलेन टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, ०.५ टक्क्याच्या आत, म्हणून ओल्या जागी तीच बरी.

आता जागेची मांडणी, हा माझा सगळ्यात आवडता भाग. कागदावरचा प्लॅन बघून जागेचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही, म्हणून मास्किंग टेप आणा आणि जमिनीवर खऱ्या मापात सगळं आखा. ओटा, फ्रिज, पलंग, टेबल, दार उघडल्यावर जिथपर्यंत येतं तो अर्धगोल. मग त्यात राहा, म्हणजे खरंच चाला. ओव्हनचं दार उघडं आहे असं समजून वाका, मागून दुसऱ्या माणसाला जायला सांगा, खुर्ची मागे सरकवून उठा. खुर्चीच्या मागे टेबलापासून अडीच-तीन फूट नसले तर बसलेल्या माणसाला रोज उठवावं लागतं. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये साडेतीन ते चार फूट, त्याहून कमी झालं तर दोघं एकदम काम करू शकत नाहीत, खूप जास्त झालं तर दिवसभर चालणंच होतं. बऱ्याच वेळा या टेपच्या रेषा बघूनच लोक मोठा आयलंड, म्हणजे किचनच्या मधोमधचा सुटा ओटा, रद्द करतात आणि ते योग्यच असतं.

सिंक, शेगडी, फ्रिज यांचा त्रिकोण तुम्ही ऐकला असेल, १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हे मांडलं गेलं, तिन्ही बाजूंची बेरीज साधारण ४ ते ८ मीटर असावी असा ठोकताळा. एक माणूस रांधत असेल तर अजूनही उपयोगी आहे, पण घरात दोघं-तिघं किचनमध्ये असतात तिथे त्रिकोणापेक्षा कामाच्या जागा वेगळ्या करणं मला जास्त पटतं, धुणं एकीकडे, चिरणं-कापणं एकीकडे, शिजवणं एकीकडे, आणि सिंक आणि शेगडीच्या मध्ये मोकळा ओटा भरपूर. ओट्याची उंची पुस्तकातून घेऊ नका. जो माणूस तिथे जास्त उभा राहतो त्याने कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करायचे, ती उंची. बहुतेकांची ८५ ते ९० च्या आसपास येते पण उंच किंवा ठेंगण्या माणसाला हा फरक पाठीत जाणवतो, रोज, वर्षानुवर्षं.

टिकणारं डिझाइन म्हणजे घरातली माणसं म्हातारी होणार हेही त्यात आलं. आज सगळे धडधाकट असले तरी दाराची मोकळी रुंदी निदान ८० सेंटिमीटर ठेवा, ९० मिळाली तर सोडू नका, व्हीलचेअर काय किंवा वॉकर काय, त्याहून कमी रुंदीत अडकतं. एका बाथरूमला तरी उंबरा न ठेवता सपाट प्रवेश द्या. कमोड आणि शॉवरजवळची भिंत जिप्समची असेल तर आत प्लायची पट्टी आत्ताच टाकून ठेवा, जमिनीपासून ८५-९० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे धरायला दांडा लावायची वेळ येईल तेव्हा स्क्रूला काहीतरी घट्ट मिळेल. याला आज खर्च जवळजवळ नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर दोन्ही टोकांना स्विच, रात्री अंधारात चाचपडायला नको.

सुतारकामात लोक लॅमिनेटचा रंग निवडण्यात आठवडे घालवतात आणि आतला बोर्ड कुठला हे विचारतही नाहीत. सिंकखालचं जुनं कपाट उघडून बघा कधी, खालची कड फुगलेली असते, लॅमिनेट सुटून कागदासारखं उलटलेलं, बोटाने दाबलं की भुसा पडतो. पाणी बोर्डाच्या पसरट बाजूने क्वचित शिरतं, कडेने शिरतं, म्हणून चारही कडा बंद करा, न दिसणाऱ्या मागच्या आणि खालच्या सुद्धा. सिंकखाली आणि बाथरूममध्ये मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवूड), एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) फक्त कोरड्या जागी. पुस्तकांच्या फळीला १८ मिलिमीटर प्लाय असेल तर अडीच फुटाच्या वर आधाराशिवाय जाऊ नका, नाहीतर मधे झोल येतो.

आणखी एक छोटी गोष्ट जी पुढे खूप वाचवते, मापं स्टँडर्ड ठेवा. मॉड्युलर फर्निचरची भोकं ३२ मिलिमीटरच्या पटीत असतात, म्हणून हँडलच्या दोन स्क्रूमधलं अंतर ९६, १२८, १६० असं मिळतं. यातलं हँडल घेतलंत तर काही वर्षांनी कंटाळा आल्यावर त्याच भोकांत नवं बसतं आणि किचन नवं दिसतं, विचित्र मापाचं घेतलं की सगळी शटर्स बदला किंवा जुनी भोकं बुजवा. बिजागऱ्यांचं तेच, ३५ मिलिमीटरच्या खाचेची सगळीकडे मिळते. फ्रिज, ओव्हन, डिशवॉशरसाठी अगदी तंतोतंत खाच बनवू नका, ६० सेंटिमीटरचं प्रमाण धरा आणि वर थोडी जागा सोडा, कारण मशीन कपाटाच्या आधी जाणार आहे हे नक्की.

दिसण्याबद्दल आता बोलू. मला विचाराल तर जमीन, बाथरूमच्या टाइल, ओट्याचा दगड हे शांत रंगाचे असू द्या, शांत म्हणजे सगळं करडं नव्हे, लाकडाचा, मातीचा, दगडाचा स्वतःचा रंग कधी जुना होत नाही. जे साहित्य वापराने छान होतं ते निवडा, खरं लाकूड घासून पुन्हा नवं करता येतं, लाकडाची छापील नक्कल एकदा खरवडली की संपलं. संगमरवर सुंदर आहे पण तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट, काहीही आंबट सांडलं की चमक जाते, तेव्हा डाग-ओरखडे बघून जीव खालीवर होणार असेल तर ओट्याला ग्रॅनाइट घ्या. भडक निळा, फुलांचे पॅटर्न, जे मनापासून आवडतं ते जरूर करा, रंगात, पडद्यात, उशांत, एका खुर्चीत. भिंतीचा रंग शेडकार्डवरून कधीच ठरवू नका, दोन फूट बाय दोन फूटचा पट्टा दोन वेगळ्या भिंतींवर मारा आणि सकाळी, संध्याकाळी, रात्री दिवा लावून बघा. दिव्यांत राहत्या खोल्यांना २७०० ते ३००० केल्व्हिन, म्हणजे उबदार पिवळसर उजेड, रंग नीट दिसायला सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, आणि ज्याचा बल्ब वेगळा बदलता येतो असाच दिवा.

बजेट करताना १० ते १५ टक्के बाजूला काढा, जुनं घर असेल तर २०, कारण लादी उचलल्यावर खाली काय निघेल ते कोणी सांगू शकत नाही. पैसे कमी पडतायत असं वाटलं तर अर्धवट दर्जाचं सगळं घर करण्यापेक्षा लाइनी, वॉटरप्रूफिंग आणि खिडक्या पक्क्या करा, वॉर्डरोब एक वर्षाने करा, काही बिघडत नाही. कॉन्ट्रॅक्टरशी सगळं लेखी, मालाचं नाव, जाडी, मॉडेल, काय येतं आणि काय येत नाही, पैसे कामाच्या टप्प्यावर द्यायचे आणि ५ ते १० टक्के शेवटची दुरुस्ती होईपर्यंत हातात ठेवायचे. कामं चालू असताना बदल करावासा वाटला तर आधी त्याची किंमत आणि लागणारे दिवस लिहून घ्या, मग हो म्हणा.

क्रम साधारण असा, तोडफोड, मग स्ट्रक्चरचं काम, पाण्याच्या आणि विजेच्या लाइनी, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, टाइल, सीलिंग, सुतारकाम, रंग, शेवटी नळ, दिवे, स्विच. यात सुकायला वेळ द्या. सिमेंटचा थर साधारण दिवसाला १ मिलिमीटर या हिशोबाने सुकतो, जाड असेल तर त्याहून हळू, म्हणजे ४० मिलिमीटरच्या थराला महिना-दीड महिना. वरून कोरडा दिसतो आणि आत ओल असते, त्यावर लाकडी फ्लोअरिंग टाकलं की पट्ट्या कडांना उचलतात.

काम संपत आलं की दिवसा एकदा आणि रात्री दिवे लावून एकदा फिरा, प्रत्येक ड्रॉवर उघडा, नळ सोडा, खिडकी लावा, दार अर्धं उघडं सोडून बघा आपोआप सरकतंय का, जे खटकेल त्यावर टेपचा तुकडा चिकटवा आणि यादी करा. टाइल ५ ते १० टक्के जास्तीच्या त्याच बॅचच्या घेऊन ठेवा, पुढच्या लॉटमध्ये शेड हमखास वेगळी येते. रंगाचे कोड, ग्राउटचा (टाइलमधल्या फटी भरायच्या मसाल्याचा) शेड नंबर, नळांची मॉडेल, लॅमिनेटचा एक तुकडा, वॉरंटीची बिलं आणि ते भिंतींचे फोटो, सगळं एका फाइलमध्ये घालून मेन बोर्डाजवळच्या कपाटात ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या एखाद्या माणसाला सांगून ठेवा ती कुठे आहे ते.